मिसरीखाली झाकलेल्या हिरड्या

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात मिसरी लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटावर घेऊन दातांना चोळायची, हे दात घासणंच मानलं जातं. अनेकींची सुरुवात दाढदुखीतून होते. 'मिसरी लाव, बरं वाटेल,' असं शेजारीण सांगते आणि घटकाभर बरं वाटतंही. पुढे एक वेळ चुकली की डोकं जड होतं, पोट साफ होत नाही. ती निकोटीनची सवय असते, दातांची गरज नव्हे. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली, पण घरच्या तव्यापर्यंत ती बंदी पोचत नाही.

मिसरीचा कॅन्सरशी असलेला संबंध आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हिरड्यांचं नुकसान मात्र सहज लक्षात येत नाही. सुजलेल्या हिरडीतून रक्त येणं ही रोगाची पहिली खूण. निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे हे रक्त कमी येऊ शकतं आणि हिरड्या घट्ट आहेत असा समज होतो. आतमध्ये दाताला धरून ठेवणारं हाड झिजतच राहतं.

दात किडणं हा याहून वेगळा रोग. त्यात तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ कणांपासून आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. कवचाला संवेदना नसते, म्हणून या टप्प्यावर काहीच दुखत नाही. गार पाण्याने झणझणलं तर बहुधा कीड आतल्या थरात पोचलेली असते. रात्री ठणका लागून झोप उडते तेव्हा बहुधा दाताची नस सुजलेली असते. वरवरच्या किडीला सिमेंट भरून भागतं. नस सुजल्यावर रूट कॅनॉल करून ती काढावी लागते, आतली पोकळी भरावी लागते आणि दाढ असेल तर वर बहुधा कॅप बसवावी लागते. त्यालाही उशीर झाला की दात काढणं उरतं. म्हणजे दुखेपर्यंत थांबणाऱ्याने स्वस्त उपाय आधीच हातचा घालवलेला असतो.

हिरड्यांवरचा मुख्य उपचार म्हणजे यंत्राने दात साफ करणं. त्याची लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते: साफ केले की दात हलायला लागतात म्हणे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ लावून पाहावी. तिथे खरखरीत, पिवळसर थर लागतो, ते कीटण. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात आणि लाळेतले क्षार तिथेच साचून घट्ट होतात. हे कीटण निघालं की फटी मोकळ्या होतात आणि ज्यांचं हाड आधीच झिजलेलं असतं ते दात हलताना जाणवतात. दात सैल केलेले असतात रोगाने, यंत्राने नव्हे. वरचा दात काढला की नजर जाते, हीही निराधार भीती. दाताची नस आणि डोळ्याने पाहण्याची नस वेगवेगळ्या असतात.

जतहून सांगली नव्वदेक किलोमीटर. तिथल्या भारती विद्यापीठाच्या आणि कवलापूरच्या वसंतदादा पाटील दंत महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. पण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला एका दातासाठी चार फेऱ्या कशा परवडतील? म्हणूनच घरची काळजी इथे जास्त मोलाची ठरते, आणि तिला टँकरचं पाणीही फारसं लागत नाही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं आणि तांब्यातलं घोटभर पाणी पुरतं. रात्रीचं घासणं मात्र चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि आम्ल धुऊन जात नाही. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यावं. हिरड्यांचा रोग साखर आवरू देत नाही आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते.

लहान मुलांच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तिलाही दुधाची समजतात आणि किडली तर 'पडेलच की' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असल्याने कीड तिथेच आधी धरते. मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्याला उजेडात उभं करून तोंड उघडायला सांगावं आणि ती मागची दाढ पाहावी. खाचा काळ्या दिसल्या तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावं. कीड वरवरची असेल, तर तेव्हा एका बैठकीत सिमेंट भरून काम होतं.