पंचबोलची हाक आणि पायाखालचे यंत्र

चिखलदऱ्याला सहल गेली की मुले पंचबोल पॉइंटवर हाका मारतातच. एकच हाक दरीतून पाच वेळा परत येते, अशी त्या जागेची ख्याती. अमरावतीच्या आमच्या शाळेत वाद्यवृंदासाठी गिटारचे मल्टी-इफेक्ट्स पेडल घ्यायचे ठरले, तेव्हा आम्हांला ही दरी आठवली. अकोल्यात १९९० च्या दशकातले एक वापरलेले पेडल स्वस्तात मिळत होते. नवे त्याच्या कितीतरी पट महाग. मुलांचा ओढा नव्याकडे, आणि पैसा शाळेच्या तुटपुंज्या निधीतला. म्हणून आधी थोडा इतिहास चाळला.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरवर असेल तर हाक एका सेकंदाने परत येते. हा उशीर यंत्रात आणायला प्रथम चुंबकीय फीत वापरली गेली. एका ठिकाणी आवाज फितीवर उमटवायचा आणि फीत पुढे सरकली की तो दुसऱ्या ठिकाणी ऐकायचा. रोलंड कंपनीचे १९७४ चे ‘स्पेस एको’ असेच होते. पण फीत झिजते.

१९६९ मध्ये फिलिप्स कंपनीतील सँगस्टर आणि टीअर यांनी निराळी युक्ती मांडली होती. आग विझवताना माणसांची रांग लावून विहिरीतले पाणी बादल्यांनी हातोहात पोचवतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे द्यायचा. मात्र पाणी वाटेत सांडते, तसा लांबच्या उशिरात आवाजही मळतो.

पुढची पायरी अंकांची. बॉस कंपनीचे डीडी-२ हे छोटे पेडल १९८० च्या दशकात आले. त्यात उशीर ८०० मिलिसेकंदांपर्यंत नेता येई. म्हणजे जणू १३६ मीटरवरचा कडाच पायाखाली! १९८८ च्या एमई-५ मध्ये असे अनेक परिणाम एकत्र आले.

मग जुन्यात उणे काय? समजा, यंत्र सेकंदाला ३२,००० वेळा आवाज मोजते. अशा यंत्राला १६,००० हर्ट्‌झपर्यंतचेच स्वर नीट नोंदता येतात. गिटारच्या स्पीकरमधून ५-६ हजार हर्ट्‌झच्या वरचे फारसे बाहेर पडतच नाही. तेव्हा प्रतिध्वनीसाठी हे पुरेसे आहे. अडचण येते ती ‘डिस्टॉर्शन’मध्ये. तेथे यंत्र मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर तयार करते. ५,५०० हर्ट्‌झची पाचपट २७,५००. ही कंपने १६,००० च्या भिंतीवर आपटून ४,५०० हर्ट्‌झ होऊन परततात. तो स्वर मुळाच्या पटीत नसतो, म्हणून कानाला खुपतो. हाही एक प्रतिध्वनीच, पण नको असलेला! नव्या यंत्रांतील वेगवान प्रोसेसर या कामापुरते मोजणीचे प्रमाण अनेक पटींनी वाढवतात, आणि दोष बराच कमी होतो.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. डिस्टॉर्शन लावून तार छेडावी आणि स्वर हळूहळू चढवावा. चढत्या स्वराखाली काही उतरताना ऐकू आले, तर समजावे की भिंत जवळ आहे.

अकोल्याच्या पेडलमध्ये ते ऐकू आले. पण आमची मुले वाजवतात भावगीते. त्यांना हवा होता प्रतिध्वनी, आणि तो स्वच्छ होता. बटणे आणि अ‍ॅडॅप्टरची ध्रुवता तपासून आम्ही जुनेच घेतले. उरलेल्या पैशांतून तारांचे संच आले. उद्या एखादा विद्यार्थी रॉक संगीताकडे वळला, तर आमचे उत्तर वेगळे असेल. यंत्राचे वय पाहण्याआधी त्याच्याकडून कोणते काम हवे, हे विचारावे.