नळाचा अर्ज कुणाच्या नावाचा?

आपल्या बचत गटांच्या बैठकांत हल्ली कर्जापेक्षा जास्त चर्चा होते ती नळजोडणीची. शहरात त्यासाठी नगरपालिका असते, परवानाधारक प्लंबर असतो. शहराच्या हद्दीबाहेर, वाडीवस्तीवर परवानगी कुणाची लागते? हा प्रश्न आजचा नाही. म्हणून आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत.

पूर्वी पाण्याची परवानगी जातीवर ठरायची. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल आला तो १९३७ साली. ठराव कागदावर होणं वेगळं आणि पाणी हातात येणं वेगळं, हे तेव्हाच दिसलं.

१९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला आणि गावच्या पाण्याचा कारभार पंचायतीकडे आला. या कायद्यात पाणीपट्टीचे दोन प्रकार आहेत. एक सर्वसाधारण, म्हणजे गावच्या पाण्याच्या सोयीसाठी घराघरावर बसणारी. दुसरी खास, म्हणजे पाइपने दिलेल्या पाण्याची. घरात नळ हवा तर पंचायतीकडे अर्ज करायचा, ही रीत त्यातूनच आली.

१९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर आणि हातपंप आले. जालना आणि सोलापूरकडच्या पंपांच्या अनुभवातूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू हा पंप तयार झाला. हातपंपाला अर्ज नव्हता, पण रांग होती, आणि रांगेत बायाच होत्या.

१९९३ साली दोन गोष्टी झाल्या. घटनादुरुस्तीने पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. आणि राज्याच्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी आली. म्हणजे स्वतःच्या रानातही मनाला येईल तिथे खोदता येत नाही, कारण जमिनीखालचं पाणी एकच.

२०१९ साली जलजीवन मिशन आलं. प्रत्येक घरी नळ, माणशी दिवसाला ५५ लिटर. गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात, असंही त्यात आहे.

मग अडतं कुठं? कागदात. नळाच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीची पावती मागतात. शेतातल्या वस्तीवर, तांड्यावर कितीतरी घरांची नोंदच नसते. आमच्या गटातल्या एका विधवा ताईंचं घर सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली. "मालकाला घेऊन या," असं त्यांना सांगण्यात आलं. खरं तर २००३ सालापासून 'घर दोघांचे' या शासन निर्णयाने घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. ते वेळेवर लागलं असतं, तर ताईंना हे ऐकावं लागलं नसतं.

परवानगी म्हणजे नुसती अडवणूक, असंही नाही. चोरून घेतलेली जोडणी पुष्कळदा गटारातून जाते. पाणी बंद झालं की पाइप आत ओढ घेतो आणि फुटक्या सांध्यातून घाण शिरते. नळाला थेट मोटार लावली की शेवटच्या घराचं पाणी तुटतं. पाइप कुठून न्यायचा, केवढा घ्यायचा, हे पंचायतीने बघायलाच हवं. पण नियम सगळ्यांना सारखा हवा.

म्हणून मैत्रिणींनो, तीन कामं करा. नमुना आठवर आपलं नाव आहे का ते बघा. हा उतारा २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मागता येतो. नळाचा अर्ज लेखीच द्या आणि पोहोच घ्या. आणि ग्रामसभेआधीच्या महिला सभेत वस्तीवरच्या घरांचा विषय मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी बोललेलं विसरलं जातं, लिहिलेलं पुढच्या सभेत विचारता येतं.