कुंभार्लीची वाट आणि कोयनेचे पाणी

स्मरणिकेच्या पानांतून मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, शाळा केव्हा निघाली हा वृत्तांत वाचावयास मिळतो, व तो मिळावाच. परंतु ज्या वाटांनी माणसे आली व गेली, ज्या नद्यांच्या आधाराने गावे वसली आणि उठली, त्यांचा वृत्तांत क्वचितच लिहिला जातो. मनुष्य वाटेने चालतो, पण वाटेचा विचार करीत नाही. ती बंद पडली म्हणजेच त्याला तिची आठवण होते. म्हणून ह्या लेखात एका डोंगराळ मुलखातील एक घाटवाट व दोन नद्या ह्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तो मुलूख म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जावळी व पाटण ह्यांची खोरी, आणि कड्याखाली पसरलेला कोकणातील चिपळूणचा प्रदेश.

प्रथम ह्या भूमीची घडण ध्यानात घ्यावी. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम महाबळेश्वरी मानिला जातो. त्यांपैकी सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्राला मिळते. कोयनेची रीत निराळी. सह्याद्रीच्या कण्याला लागून ती सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकापाशी एकदम पूर्वेस वळते, आणि कऱ्हाडास कृष्णेच्या पोटात शिरते. तेथून ते पाणी कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ह्यांतून शेकडो कोस जाऊन बंगालच्या उपसागरात पडते. चमत्कार हा की, ज्या हेळवाकापाशी नदी पाठ फिरविते तेथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत अवघा साठ किलोमीटरांच्या सुमारास आहे! मध्ये उभी आहे ती फक्त सह्याद्रीची भिंत. भिंतीच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब पूर्वसमुद्रास जातो. पलीकडे पडलेला वाशिष्ठी नदीत उतरून चिपळुणावरून दाभोळच्या खाडीत जातो.

नदीने जी भिंत ओलांडली नाही ती मनुष्याने ओलांडली. हेळवाकाच्या वरच्या अंगास कुंभार्लीचा घाट आहे. देशावरून समुद्रकाठी उतरण्याच्या सर्वांत सोप्या वाटांत त्याची गणना इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी केली आहे. ह्या दिशेची रहदारी किती जुनी असावी? कऱ्हाडनजीक आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, आणि मध्य हिंदुस्थानातील भारहुत येथील प्राचीन स्तूपावर ह्या नगरातील दात्यांची नोंद आहे. आपल्या विषयास अधिक जवळचा पुरावा कोकणातला आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही देशावरचा व्यापारी सह्याद्री उतरून खाडीच्या काठी जात होता, ह्यात शंका नाही.

घाटाच्या खालचे टोक म्हणजे चिपळूण, आणि चिपळुणाचे दार म्हणजे दाभोळची खाडी. वाशिष्ठी नदी चिपळुणाच्या खाली भरतीच्या पाण्याने फुगते. गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत गलबते व मचवे येत असत. खाडीच्या मुखाशी असलेले दाभोळ बहामनी व आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांपैकी एक होते. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेत फिरला. परत जाताना तो ह्याच बंदरातून जहाजावर चढला. पुढे १५०८ सालच्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेइदा ह्याने दाभोळ लुटून जाळले व रहिवाशांची निर्दय कत्तल केली. ज्यांच्या गलबतांतून ह्या किनाऱ्यावर मिशनरी आले त्यांच्याच हातून हे घडले. आपण कॅथलिकांनी ही गोष्ट झाकून ठेवू नये. इतिहास सांगावयाचा तर तो पुरता सांगावा.

बंदर आणि घाट ह्यांच्यामध्ये मालाची ने-आण करीत ते लमाण व वंजारी, आणि त्यांचे लदाऊ बैल. कोकणातून मीठ, नारळ, सुपारी व सुकी मासळी वर चढे. देशावरून धान्य, गूळ, मिरची, तंबाखू खाली उतरे. ह्यात मिठाचे महत्त्व विशेष. देशावरच्या गरिबाच्या भाकरीला चव यावयाची ती कोकणच्या आगरातील मिठाने, आणि ते बैलाच्या पाठीवरून येई. पावसाळा लागला की खाडीत गलबत येईना व घाटात बैल चढेना. चार महिने दोन्ही मुलूख एकमेकांस पारखे होत. घाटाच्या तोंडाशी जकात घेतली जाई, व तिचा हिशेब राखणाऱ्या वतनदारांचे घाटपांडे हे आडनाव आजही चालू आहे. वाट म्हणजे नुसती पायवाट नव्हे. ती राजाची मिळकत होती, आणि रयतेचे जीवन.

ह्या रचनेस पहिला धक्का बसला तो दूर उत्तरेस, बोरघाटात. पुण्याहून मुंबईकडे उतरणाऱ्या त्या घाटात १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर १८५६ ते १८६३ ह्या काळात तेथे आगगाडीचा मार्ग खोदण्यात आला. २५ बोगदे फोडावे लागले. एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर कामावर होते, आणि पटकी, ताप व अपघात ह्यांनी त्यांतील हजारो मरण पावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ साली वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला, हे इतिहासात नमूद आहे. मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणी नमूद केली नाहीत.

कुंभार्लीतही एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ता झाला. बैलाच्या पाठीवरचे ओझे बैलगाडीत आले, आणि काही काळ चिपळूणची पेठ भरभराटली. परंतु १८८० नंतरच्या दशकात पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी कऱ्हाडाजवळून धावू लागली. मग कऱ्हाडच्या व्यापाऱ्याने घाट उतरून गलबताची वाट का पाहावी? माल बोरघाटाने थेट मुंबईस जाऊ लागला. लढाई झाली नाही, बंदर कोणी जाळले नाही. केवळ दूरच्या डोंगरात एक लोखंडी वाट झाली, आणि जवळच्या खाडीचा व्यापार ओसरला. कोकणात आगगाडी पोहोचण्यास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली, व चिपळूण पुन्हा एका मोठ्या मार्गावर आले.

येथवर माणसांच्या वाटांची कथा झाली. विसाव्या शतकात एक नवलाची गोष्ट घडली: स्वतः पाण्यालाच घाट उतरावयास लाविले. युक्ती सोपी आहे. पूर्वेस जाणारे पाणी घाटमाथ्यावर अडवावे, डोंगरातून बोगदा काढावा, आणि पाणी पश्चिमेच्या कड्याखाली सोडून त्याच्या जोराने वीज उत्पन्न करावी. टाटांच्या कंपनीने हा प्रयोग प्रथम बोरघाटाच्या परिसरात केला, व खोपोलीचे वीजघर १९१५ साली चालू झाले. त्यानंतर मुळशीस धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण थांबले नाही, पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच: एकाच्या दिव्यासाठी दुसऱ्याचे शेत घ्यावयाचे, तर त्या दुसऱ्याला काय द्यावयाचे?

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न कोयनेच्या खोऱ्यात फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. हेळवाकाजवळ, म्हणजे नदी जेथे वळते त्याच्या वरच्या बाजूस, १०३ मीटर उंचीचे धरण १९५० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आले. १९६२ साली पोफळी येथील भूमिगत वीजघर सुरू झाले. वर शिवसागर जलाशय, मध्ये कड्याच्या पोटातून बोगदे, खाली पोफळी. तेथून पाणी कोळकेवाडीस अडवून अलोऱ्यास पुन्हा वीज, आणि शेवटी वाशिष्ठीत विसर्जन! जे पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचे ते आता दाभोळच्या खाडीत जाऊ लागले. कुंभार्लीच्या वाटेने बैल ज्या दिशेने शतकानुशतके मिठाच्या ओढीने उतरले, त्याच दिशेने आता डोंगराच्या अंतर्भागातून नदी उतरते. ह्या योजनेची एकूण शक्ती सुमारे १९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्रातील कारखाने व घरे ह्या विजेने उजळली, हे उपकार सामान्य नव्हेत.

पण त्याची किंमत कोणी दिली तेही पाहावे. सुमारे शंभर गावांच्या जमिनी पूर्णतः वा अंशतः पाण्याखाली गेल्या, आणि हजारो कुटुंबे उठली. कोणी सांगली व सोलापूरच्या उघड्या माळावर, कोणी रायगड व ठाण्याकडे गेली. भात व नाचणी पिकविणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याला सपाट मुलखातील नवी जमीन, नवी माणसे व नवे पीक ह्यांच्याशी जमवून घ्यावे लागले. पुष्कळांना पर्यायी जमिनीसाठी पुढील पिढीपर्यंत अर्ज व आंदोलने करावी लागली. जी गावे जलाशयाच्या काठी उरली त्यांच्या वाटा बुडाल्या. पूर्वी जेथे पायी नदी उतरून जाता येई तेथे आता तापोळा व बामणोली येथून लाँचने जावे लागते. २०२२ साली जावळी तालुक्यातील खिरखंडी येथील मुली स्वतः होडी वल्हवून शाळेस जातात ही वार्ता प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन तिची दखल घेतली. ज्या पाण्याने दूरच्या शहरांत दिवे लागले, त्याच पाण्याच्या काठच्या मुलींना विद्येसाठी ते ओलांडावे लागे.

भूमीनेही आपले म्हणणे ऐकविले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, लोक झोपेत असता, कोयनानगरास भीषण भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली व वसाहत जमीनदोस्त झाली. धरणास तडे गेले, परंतु ते उभे राहिले. मागाहून त्याला आधार देऊन बळकट करण्यात आले.

पाण्याच्या वाटपाचाही निवाडा व्हावा लागला. कृष्णेच्या पाण्यावर खालच्या राज्यांचाही हक्क असल्याने बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसी एवढी मर्यादा घातली. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण व खटाव हे तालुके दुष्काळाने होरपळत आले आहेत. कोयनेचे पाणी आपोआप तेथे चढले असते असे नव्हे. परंतु एका जिल्ह्याच्या एका अंगाचे पाणी समुद्रास सोडावे आणि दुसऱ्या अंगाने टँकरची वाट पाहावी, हे चित्र कोणाही विचारी मनुष्यास अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. इकडे कड्याखालच्या चिपळुणास पाण्याची चिंता वेगळ्या तऱ्हेची. २२ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसात वाशिष्ठीचा पूर शहरात शिरला, पेठा बुडाल्या, आणि महामार्गावरील जुन्या पुलाचा भाग खचला. त्यानंतर नदीपात्रातील गाळ काढावा म्हणून नागरिकांना उपोषणास बसावे लागले. ज्या पात्रातून गलबते चालत, ते गाळाने भरत असता बहुतेकांचे तिकडे लक्ष नव्हते. खाडीची वाट सोडली, तेव्हाच नदीची काळजीही सुटली होती.

ह्या सर्व हकीकतीतून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रत्येक नवी वाट, मग ती माणसाची असो वा पाण्याची, कोणाला तरी जवळ आणते व कोणाला तरी दूर लोटते. म्हणून वाटा करू नयेत असा अर्थ नाही. बोरघाटाची गाडी आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे, आणि हे पान छापणारे यंत्रही विजेवरच चालते. परंतु लाभाची नोंद ताम्रपटावर करावयाची आणि ऋणाची नोंद पाण्यावर, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

आपण ज्युबिली साजरी करीत आहोत. हा शब्द ज्या नियमशास्त्रातून आला, त्यातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीचा अर्थ प्रथमतः जमिनीशी निगडित आहे: पन्नासावे वर्ष आले म्हणजे ज्याची वतनभूमी गेली असेल त्याला ती परत मिळावी. कोयनेच्या तळाशी गेलेली शेते परत यावयाची नाहीत. परंतु त्यांच्या मोबदल्याचा शब्द जेथे जेथे अपुरा राहिला आहे, तेथे तो पुरा करणे अजून मनुष्याच्या हातात आहे. आणि त्या गोष्टीला पन्नासाहून अधिक वर्षे केव्हाच होऊन गेली आहेत.