लिली (उद्यानांतील भेद)
उद्यानांत व रोपवाटिकांच्या याद्यांत ‘लिली’ या एकाच नावाखाली परस्परांशी दूरचेच नाते असलेल्या अनेक वनस्पती सर्रास दाखल होत असल्यामुळे, केवळ रंगावरून निवाडा न करता कंद, पाने व किंजपुट यांची शहानिशा करणेच इष्ट होय. लिनीअसने १७५३ साली नोंदलेल्या लिलियम प्रजातीतील, म्हणजे खऱ्या लिलीचा कंद कांद्याप्रमाणे सालीने वेष्टित नसून मांसल, सुट्या खवल्यांचा असतो, पाने उभ्या खोडावर वरपर्यंत येतात आणि किंजपुट फुलाच्या आत दिसते. टायगर लिलीच्या पानांच्या बगलेत तर काळसर, वाटाण्याहून लहान कंदिका धरतात व गळून रुजतात, ही खूण फूल नसतानाही पुरेशी आहे. महाराष्ट्रातील कुंड्यांतून लिली म्हणून जी मिरवते ती मात्र बहुधा हिपिॲस्ट्रम असते. तिचा दांडा निष्पर्ण व पोकळ, आणि किंजपुट फुलाच्या खाली. पावसाबरोबर उमलणाऱ्या रेन लिलीच्या दांड्यावर एकच फूल येते. स्पायडर लिलीचे केसरतंतू तळाशी पातळ, पांढऱ्या पेल्याने जोडलेले असतात. नागदवण्यात हा पेला नसतो. डे लिलीचे प्रत्येक फूल एका दिवसात कोमेजते. कळलावी पानांच्या टोकांवरील प्रतानांनी चढते; तिचा कंद अत्यंत विषारी असल्याने मुलांच्या वावराच्या जागी ती लावू नये.