नेत्रसेवेची वाटचाल : शस्त्रक्रियेपासून तपासणीपर्यंत

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र व अभय असे चतुर्विध दान सांगितले आणि ग्लान व वृद्ध साधूंच्या सेवेला वैयावृत्त्य म्हणून अभ्यंतर तपात स्थान दिले. श्रावकांनी हाच भाव समाजातील वृद्धांपर्यंत नेला. नेत्रशिबिर हे त्याचे एक परिचित रूप होय.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात नेत्रतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांतच असत. खेड्यात मोतीबिंदू हा म्हातारपणाचा भोग समजला जाई. अशा काळात बिळगी (कर्नाटक) येथे जन्मलेल्या डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगावी शिबिरे घेऊन हजारोंना दृष्टी दिली. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याची नोंद त्यांच्या नावे आहे. १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मात्र त्या काळच्या पद्धतीत नेत्रभिंग काढल्यावर रुग्णाला जाड चष्म्यावर अवलंबून राहावे लागे. तो फुटला वा हरवला की पुन्हा अंधार. शिवाय तात्पुरत्या जागेत जंतुसंसर्गाचा धोका असे आणि शिबिर उठल्यावर रुग्णाची विचारपूस करणे कठीण जाई.

या सेवेत जैन समाजाचा वाटा मोलाचा आहे. पुणे जिल्ह्यातील चासकमान येथे जन्मलेल्या आचार्य चंदनाजी यांनी उपाध्याय अमरमुनी यांच्या प्रेरणेने राजगीर येथे १९७३ साली वीरायतन स्थापिले. तेथील नेत्रज्योती सेवा मंदिरम् हे बिहारमधील गोरगरिबांचे आधारस्थान ठरले. १९८७ साली आचार्यपद प्राप्त झालेल्या त्या पहिल्या जैन साध्वी. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०२५ साली त्या कालधर्म पावल्या.

१९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. गावात तपासणी करायची, शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयात न्यायची, ही रीत तेथे रुजली व देशभर पसरली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा प्रकल्प राबवला गेला. कृत्रिम भिंगारोपण सर्वत्र पोहोचले आणि जाड चष्मा मागे पडला.

याचे फळ आकड्यांत दिसते. ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्व २००६-०७ मध्ये ३.६ टक्के होते, ते २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १.९९ टक्क्यांवर आले. तरीही अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे ज्यांची दृष्टी परत येऊ शकते, असेच बहुसंख्य वृद्ध अंधारात होते.

काचबिंदूची गोष्ट याहून गंभीर आहे. तो बहुधा वेदना न देता बाजूची नजर हळूहळू हिरावून घेतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहाने नेत्रपटलाला होणारी इजाही आरंभी जाणवत नाही. म्हणून आजच्या शिबिरात केवळ मोतीबिंदू शोधून भागत नाही. डोळ्यातील दाब आणि नेत्रपटल यांचीही तपासणी हवी.

शस्त्रक्रियांची संख्या अहवालात शोभते. पण ज्या वृद्धेला सोबत नेणारे कोणी नाही, जिचे नाव तपासणीच्या यादीत आले तरी जी रुग्णालयापर्यंत पोहोचली नाही, तिच्या दारी पुन्हा जाणारा कार्यकर्ता हाच या सेवेचा खरा आधार होय. औषधदानाची पूर्तता तेथेच होते.