तेलाचा हिशोब

देवळाला कळस चढवायचा म्हटलं की दाता लवकर मिळतो. फरशीवर नाव कोरलं जातं, पेपरात फोटो येतो. गाभाऱ्यातल्या नंदादीपाला मात्र रोज पळीभर तेल लागतं आणि त्या तेलावर कुणाचंच नाव कोरता येत नाही. स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या सर्व्हरचं दुखणं हेच. प्रोग्रॅम फुकट लिहून देणारे भेटतात, भाषांतर करणारे भेटतात, चुका काढणारे तर मागाल तेवढे. पण ज्या यंत्रावर हे सगळं ठेवायचं ते यंत्र काही स्वयंसेवक नसतं. त्याला वीज लागते, जोडणी लागते आणि दर महिन्याला त्याचं बिल येतं.

गेले काही महिने आमच्या सहा जणांच्या गटात हाच विषय चालू आहे. मराठी शुद्धलेखन तपासणारी एक छोटी प्रणाली आम्ही सांभाळतो. तिघे पिंपरी-चिंचवडचे, एक चाकणच्या कारखान्यात, दोघे परदेशात. सर्व्हरचं बिल आजवर परदेशातल्या एकाच्या कार्डावरून जात आलंय. पुढच्या वर्षापासून दुसरी सोय बघा, असं त्याने न चिडता, न रुसता कळवलंय. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आठ वर्षं एकट्याने तेल घातलं, पुरे झालं. म्हणून याआधी लोकांनी काय केलं ते मी शोधायला बसलो, आणि शोधता शोधता थेट यादवकाळात जाऊन पोचलो.

चाळीसगावजवळचं पाटण तुम्ही पाटणादेवीमुळे ऐकलं असेल. तिथे शके 1128 चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता (वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला आलेले चांगदेव वेगळे). त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, घराण्याची स्तुती वगैरे. पण दानाचा तपशील आला की लेख मराठीवर येतो. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा अमुक हिस्सा मठाला, तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल मठाला. म्हणजे स्तुती संस्कृतात आणि हिशोब मराठीत! मला यात सगळ्यात आवडलं ते असं, की एकरकमी थैली देऊन तो मोकळा झाला नाही. खर्च रोजचा, तर उत्पन्नही रोजचंच हवं, आणि ते एका हातातून न येता गावातल्या सगळ्या घाण्यांवरून थोडं थोडं यावं, ही व्यवस्था त्याने लावून दिली. गणिताची पुस्तकं जिवंत ठेवायला.

आता आपल्या काळाकडे येतो. लिनक्सचं पहिलं तेल विद्यापीठांचं. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सने आपलं काम फिनलंडच्या विद्यापीठांच्या एका सर्व्हरवर ठेवलं. तिथला व्यवस्थापक आरी लेम्के याने जागा करून दिली आणि त्या कप्प्याला लिनक्स हे नावही त्यानेच ठेवलं. बिल कुणी भरलं? फिनलंडच्या करदात्याने, आणि त्याला पत्ताही नव्हता.

मग आली धर्मशाळा. नोव्हेंबर 1999 मध्ये व्हीए लिनक्स या अमेरिकन कंपनीने सोर्सफोर्ज उघडलं : कुठल्याही मुक्तस्रोत प्रकल्पाने यावं आणि फुकट राहावं. ही कंपनी 9 डिसेंबर 1999 ला शेअर बाजारात उतरली. 30 डॉलरला दिलेला शेअर त्याच दिवशी 239.25 डॉलरवर बंद झाला. धर्मशाळेचं तेल आलं ते या उधाणातून. भारतीय भाषांमध्ये लिनक्स आणायला धडपडणाऱ्या इंडलिनक्स गटाचा मुक्कामही तिथेच होता. दुसरीकडे जाणार तरी कुठे? पुण्यात बीएसएनएलचं ब्रॉडबँड 2005 साली आलं तेव्हा पाचशे रुपयांच्या योजनेत महिन्याला एक जीबी मिळायचा आणि रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोजमाप नाही. आमच्या पिढीतल्या अनेकांनी लिनक्सच्या सीड्या पहाटेचे गजर लावून उतरवल्या आहेत. असल्या जोडणीवर आणि गुरुवारी हमखास जाणाऱ्या विजेवर चिंचवडच्या फ्लॅटमध्ये सर्व्हर ठेवायचा म्हणजे विनोदच.

उधाण ओसरलं. 2001 मध्ये व्हीएने यंत्रं विकण्याचा धंदाच बंद केला, सोर्सफोर्ज जाहिरातींवर चालत राहिलं, पुढे मालक बदलले. 2015 साली गिंप या चित्रं करायच्या सॉफ्टवेअरची विंडोजसाठीची प्रत तिथे जाहिरातबाज पुरवण्या चिकटवून वाटली जाते आहे असं उघडकीला आलं. गिंपची मंडळी 2013 मध्येच तिथून बाहेर पडली होती, तरी जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ते कसं कळणार? 2016 मध्ये आलेल्या नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला, हेही सांगायला हवं.

इतर यजमानांची गोष्ट एवढी वाईट नाही, पण शेवट तोच. गूगल कोड 2016 च्या जानेवारीत बंद झालं, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त केलेले लोहित फाँट, ज्यांत आपली देवनागरीही आहे, फेडोराहोस्टेडवर राहायचे. तेही 2017 मध्ये मिटलं. लोहितला बिऱ्हाड हलवायला वेळ मिळाला, कारण मागे पगारी माणसं होती. आपल्याकडे तिरुवनंतपुरमला ‘सरोवर’ नावाने भारतीय प्रकल्पांसाठी असाच आसरा उभा राहिला होता. लिनक्सेन्स ही कंपनी तो सांभाळायची आणि रिव्हर व्हॅली टेक्नॉलॉजीज खर्चाला हातभार लावायची. तोही आता नाही. यातल्या कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. धर्मशाळेत उतरलेल्याने मालकाच्या धंद्याची चौकशी अधूनमधून करावी, एवढंच.

सोइदेवाच्या वाटेने गेला तो विकिपीडिया. सुरुवातीला सर्व्हरचा खर्च जिमी वेल्सची बोमिस कंपनी उचलत होती. जून 2003 मध्ये विकिमीडिया फाउंडेशन स्थापन झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी सर्व्हर कोसळला. नव्या यंत्रांसाठी 20,000 डॉलर हवेत असं आवाहन झालं आणि वाचकांनी काही दिवसांत त्याहून जास्त जमवून दिले, तेही लहान लहान रकमांनी. मराठी विकिपीडिया तेव्हा जेमतेम आठ महिन्यांचा होता (1 मे 2003 चा जन्म). आपली ती तुटपुंजी पानंही त्याच वर्गणीवर तगली.

तर आमचा हिशोब. सर्व्हर, दुसऱ्या ठिकाणची राखीव प्रत आणि डोमेन मिळून वर्षाला 18,250 रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. चाकणवाल्या मित्राचं म्हणणं, त्याच्या कंपनीच्या सीएसआरमधून एवढे पैसे सहज निघतील. निघतीलही. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर या पट्ट्यात शाळांच्या भिंती, बाकं, पाण्याच्या टाक्या बऱ्याच झाल्या आहेत आणि प्रत्येकीवर पाटी आहे. पण तो पैसा वर्षावर्षाचा, साहेब बदलला की प्राधान्य बदलणार. शिवाय त्याला नोंदणीकृत संस्था लागते आणि आम्ही तर सहा नावांची यादी आहोत. माझा प्रस्ताव अडीचशे रुपये देणारी त्र्याहत्तर माणसं शोधण्याचा आहे. एक गळाला तर दिवा विझत नाही.

यात अडचणी आहेतच. आमचा सर्व्हर आहे जर्मनीत. भोसरीहून आळंदी रस्त्याकडे निघालं की दिघीला विदेश संचार निगमची जुनी जागा लागते. 1995 च्या 15 ऑगस्टला भारतीय जनतेला इंटरनेट दिलं ते याच निगमने, आणि दिघीच्या त्या आवारात आज डेटा सेंटर चालतं. माझ्या घरापासून दुचाकीने वीस मिनिटं. पण एका लहानशा यंत्रासाठी परदेशी भाडंच आम्हाला स्वस्त पडतं. ते भरायचं कार्डावरून, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप वळत्या होणाऱ्या पैशांचे नवे नियम लागू झाले तेव्हा परदेशी बिलं कितीतरी जणांची अडकली होती. माझ्या माहितीतलं कवितांचं एक मराठी संकेतस्थळ तर याहून साध्या कारणाने गेलं. चालवणारे गृहस्थ वारले, कार्डाची मुदत संपली आणि घरच्यांना पासवर्ड ठाऊक नव्हता. कविता सगळ्यांच्या होत्या, डोमेन एकाचं होतं.

म्हणून दोन गोष्टींवर मी अडून बसलो आहे. पासवर्ड तिघांकडे हवेत, आणि दोन वर्षांचं तेल आगाऊ जमल्याशिवाय नवं काही सुरू करायचं नाही. आजपर्यंत एकतीस नावं आली आहेत, त्यांतली चार गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांकडून मीच उलट वसूल केली. पावतीपुस्तक कुणाच्या नावाने छापायचं यावर मात्र वाद मिटलेला नाही. येत्या गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, तेव्हा चिंचवड स्टेशनपाशी चहाला भेटायचं ठरलंय.