चुकलेल्या तारखेची कुळकथा

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातल्या वणीला राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा एक ताम्रपट मिळाला. त्यावरचा काळ असा : शक ७३०, व्यय संवत्सर, वैशाख पौर्णिमा. याच राजाचा दुसरा ताम्रपट गुजरातेत राधनपूरला सापडला. त्यावर शक ७३०, सर्वजित् संवत्सर, श्रावण अमावास्या आणि सूर्यग्रहण अशी नोंद आहे. दोन्ही दाने मयूरखंडीहून दिलेली आहेत, आणि ही मयूरखंडी म्हणजे वणीजवळचा मोरखंडचा डोंगर असे काही अभ्यासकांनी मानले आहे. अडचण अशी की व्यय आणि सर्वजित् ही साठ संवत्सरांच्या चक्रातली लागोपाठची दोन नावे. एकाच दरबारातून निघालेल्या, एकाच शकवर्षाच्या दोन पटांवर ती आली कशी? लेखनिकाने चूक केली असे म्हणून विषय संपवता येतो, पण त्यातून काही कळत नाही. राधनपूरच्या पटातले ग्रहण इसवी सन ८०८ च्या २७ जुलैला बसते, तेव्हा तिथला ७३० हा गत शक, म्हणजे पूर्ण झालेल्या वर्षांचा आकडा. वणीच्या पटातला ७३० वर्तमान, म्हणजे चालू वर्षाचा आकडा धरला, की वैशाख इसवी सन ८०७ चा येतो. संवत्सराचे नाव गुरूच्या मध्यम गतीवरून ठरवले, तर त्या वैशाखात व्यय आणि पुढच्या वर्षी सर्वजित् हेच येते. आज महाराष्ट्रात रूढ असलेल्या पद्धतीने पाहिले, तर दोन्ही पट सारखेच एका संवत्सराने हुकतात. म्हणजे फरक नियमाचा आहे, निष्काळजीपणाचा नाही.

जुना घरगुती संगणक चालू केल्यावर पडद्यावर १ जानेवारी १९८० उमटते, तेव्हा तो दुरुस्त करणाऱ्यापुढे याच जातीचा प्रश्न असतो. बहुतेक जण घड्याळ बिघडले असा निकाल देतात, नवी तारीख भरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाहून वैतागतात. माझे म्हणणे असे आहे की तारीख चुकण्यात घड्याळाच्या चालीचा वाटा अगदी थोडा असतो. कोणतीही तारीख चार गोष्टींनी बनते : मोजण्याची गती, मोजणीचा आरंभ, मोजलेले टिकवून ठेवणारा साठा आणि त्या आकड्याला दिवस-महिना-वर्षाचे नाव देणारा नियम. यातल्या प्रत्येकाची चूक वेगळ्या आकाराची असते, म्हणून चुकलेली तारीख हाच दोषाचा पहिला आणि सर्वांत चांगला पुरावा ठरतो. ही चौकट संगणकाबरोबर आलेली नाही. तिचे कूळ आपल्या पंचांगगणितात स्पष्ट दिसते.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. त्याआधीच्या सिद्धांतग्रंथांत ग्रहांची स्थिती काढायची तर कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजावे लागत. हा अहर्गण अवाढव्य होई, आणि हाताने गुणाकार-भागाकार करणाऱ्याच्या चुका त्याच्या लांबीबरोबर वाढत. गणेश दैवज्ञांनी आरंभ जवळ आणला. इष्ट शकातून १४४२ वजा करायचे, बाकीला ११ ने भागायचे, येणारा भागाकार ते ‘चक्र’, आणि उरलेल्या काळाचे दिवस तेवढे मोजायचे. अकरा वर्षांचे ४०१६ दिवस, त्यामुळे दिवसांचा आकडा कधीच फार मोठा होत नाही. आरंभीची स्थिती ‘क्षेपक’ म्हणून दिलेली, प्रत्येक चक्रामागे करायचा फरक ‘ध्रुव’ म्हणून दिलेला. लहान आकडा मोजत राहायचा आणि किती फेऱ्या झाल्या ते वेगळे टिपायचे, ही युक्ती साडेचार शतकांनंतर तारीख राखणाऱ्या चिपांतही दिसते. मराठी मुलखात पंचांग करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘ग्रहलाघव’ वापरला, कारण तो सोपा होता. पण या युक्तीत एक धोका आहे : फेरीचा आकडा चुकला, तर आतली मोजणी कितीही अचूक असो, उत्तर एका संपूर्ण फेरीने चुकते.

घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीला तर तारीखच नव्हती. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रमच्या धर्तीवर डीबी स्पेक्ट्रम हा संगणक काढला. स्पेक्ट्रममध्ये सेकंदाला ५० वेळा वाढणारा एक आकडा असतो. यंत्र चालू केले की तो शून्यापासून निघतो, सुमारे ३ दिवस २१ तासांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. ध्वनी वाजवताना किंवा कॅसेटवर माहिती उतरवताना तो थांबतोही. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४-८५ पासून देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. त्यातही चालू केल्यापासूनचा काळ मोजला जाई, बंद केल्यावर काहीच उरत नसे. या यंत्रांत गती होती, पण आरंभ नव्हता आणि साठाही नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीला आरंभ मिळाला : डॉस ही कार्यप्रणाली चालू होताना तारीख विचारी, आणि उत्तर न देता पुढे गेले की १ जानेवारी १९८० धरून चाले. ही तारीख कुणा यंत्राचा जन्मदिवस नाही. डॉसमध्ये वर्ष साठवायला सात बिटांची जागा आहे आणि तिथला शून्य म्हणजे १९८०. म्हणून जुना पीसी १९८० दाखवतो तेव्हा तो खोटे सांगत नाही. आपल्याकडे फक्त क्षेपक उरला आहे, पुढची मोजणी हरवली आहे, एवढेच तो सांगतो.

साठ्याचा प्रश्न १९८४ च्या पीसी-एटीने सोडवला. त्यात मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप बसवली होती. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो, म्हणजे एक सेकंद मिळतो. यंत्र बंद असताना बॅटरी या चिपेला जिवंत ठेवते, आणि त्याच चिपेतल्या थोड्या स्मृतीत यंत्राची मांडणीही टिपलेली असते. म्हणून ‘सीमॉस बॅटरी’ संपली की तारीख आणि मांडणी दोन्ही एकदमच जातात. पुढे काही मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमचे सेल आले, जे म्हातारपणी गळतात आणि तांब्याच्या रेषा खातात. काहींवर डॅलस कंपनीची, आतच लिथियम सेल बंद केलेली चिप आली. शेवटी सीआर २०३२ हा तीन व्होल्टांचा बटन सेल सर्वत्र रुळला. इथे पुरावा वाचणे सोपे आहे. प्रत्येक वेळी बंद करून चालू केल्यावर तीच आरंभाची तारीख येत असेल, तर दोष साठ्यात आहे : सेलचा विद्युतदाब मोजावा, सेल बसवण्याच्या जागी हिरवट गंज आहे का पाहावे. अशा यंत्रावर स्फटिक बदलणे व्यर्थ आहे.

गतीचा दोष कसा दिसतो हे साध्या हिशेबाने कळते. अशा स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक असली, तर घड्याळ दिवसाला १.७ सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटे मागे-पुढे जाईल. या चालीने एक पूर्ण दिवस चुकायला सुमारे १३७ वर्षे लागतात. तेव्हा ज्या संगणकाची वेळ बरोबर आहे पण तारीख एक किंवा दोन दिवस मागे आहे, त्याच्या स्फटिकाला दोष देता येत नाही. पीसीच्या घराण्यात या लक्षणाचे एक ओळखीचे कारण आहे. यंत्र चालू असताना मध्यरात्र झाली, हे सांगायला एक खूण उभी केली जाते आणि पुढे कधीतरी कार्यप्रणाली ती वाचून तारीख एकाने वाढवते. अनेक यंत्रांत ही खूण म्हणजे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. किती मध्यरात्री झाल्या ते ती सांगू शकत नाही. यंत्र शनिवार-रविवार चालूच राहिले आणि कुणी तारीख विचारली नाही, तर दोन मध्यरात्रींची एकच मोजली जाते. पंचांगात गतीची चूक अशीच बारीक आणि संथ असते. सूर्यसिद्धांताचे वर्ष आजच्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ते एका माणसाच्या आयुष्यात जाणवत नाही, हजार वर्षांत दोन दिवसांहून अधिक साचते. म्हणूनच केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली नव्या मापांवर ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. पण त्यानंतर महाराष्ट्रात पेटलेला पंचांगवाद मुख्यतः गतीवर नव्हता, आरंभावर होता : राशिचक्राचा प्रारंभबिंदू कोणता धरायचा. त्यामुळेच काही वर्षी दोन पंचांगांतले अधिक मास वेगळे पडतात आणि सणांत संपूर्ण महिन्याचे अंतर येते. एवढी मोठी उडी दिसली की ती गतीची नसते, हे गणित जाणणाऱ्याला तेव्हाही कळत होते.

फेरीच्या आकड्याचा धोका १ जानेवारी २००० ला उघड झाला. त्या मोटोरोला चिपेत वर्ष दोनच अंकांत मोजले जाते. शतक वेगळ्या जागी, साध्या स्मृतीत लिहिलेले असते आणि चिप ते स्वतः वाढवत नाही. ९९ नंतर ०० आले, शतक १९ राहिले, म्हणजे वर्ष १९०० झाले. डॉसला १९८० च्या आधीचे वर्ष कळतच नाही, त्यामुळे अनेक यंत्रांनी ४ जानेवारी १९८० दाखवली. गती नीट, बॅटरी नीट, दिवस-महिनाही आत नीट. चुकले ते फक्त चक्र. नियमाची चूक आणखी वेगळी. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण लोटस १-२-३ या तक्ते मांडणाऱ्या प्रणालीने ते तसे धरले आणि तिच्याशी जुळणी राहावी म्हणून एक्सेलने ती चूक उचलली. २००० मात्र ४०० ने भागले जाते, म्हणून चारने भागणारा साधा नियमही तिथे बरोबर ठरला. १ मार्चला एका दिवसाचा फरक दिसला, की नियम तपासायचा.

यावर एक आक्षेप रास्त आहे : ताम्रपट आणि चिप यांचे साम्य ओढूनताणून आणलेले नाही का? मला तसे वाटत नाही, कारण दोष शोधण्याची रीतही एकच आहे, आणि ती मराठी माणसाने सिद्ध करून दाखवली आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षण खात्यात काम करणारे गणिती. गुप्त शिलालेखांचा काळ ठरवताना शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी दीक्षितांच्या गणिताचा आधार घेतला. एरणच्या स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरले आहे. गणिताने तो दिवस २१ जून ४८४ आला आणि वार जुळला. वार हा स्वतंत्र मोजणारा आहे, तो शकाच्या आरंभावर किंवा अधिक मासाच्या वादावर अवलंबून नाही. एकमेकांवर विसंबून नसलेले दोन आकडे शेजारी ठेवले, की चूक कुठे आहे ते सापडते. वणीच्या पटात शक आणि संवत्सर हे असेच दोन साक्षीदार आहेत. संगणकातही चिपेतले घड्याळ आणि कार्यप्रणालीचे घड्याळ वेगवेगळे असतात. बायॉसमधली, म्हणजे चिपेतल्या घड्याळाची, तारीख बरोबर आणि डॉसमधली चूक असेल, तर सेल बदलून काही होणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : आज यंत्रे जाळ्यावरून वेळ घेतात, मग ही जुनी विद्या कशाला? कारण आरंभ आणि साठा यांचे गणित आजच्या यंत्रांतही तेच आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ ला भरतील आणि १३ डिसेंबर १९०१ वर जातील. शिवाय जुन्या संगणकातल्या प्रत्येक फाइलवर तारखेचा शिक्का असतो. कुणाच्या हस्तलिखितांचा, संस्थेच्या हिशेबांचा, पहिल्या मराठी अक्षरसंचांचा इतिहास लिहायचा तर हे शिक्केच साधन ठरतील. शेकडो फाइलींवर १९८० दिसले तर त्या निरुपयोगी होत नाहीत. त्या लिहिल्या गेल्या तेव्हा यंत्राचा साठा चालत नव्हता, हे त्या सांगतात.

२००० नंतरचे वर्ष न स्वीकारणाऱ्या यंत्रावर २८ वर्षे मागची तारीख ठेवण्याची युक्ती चालते : २०२६ साठी १९९८ ठेवले, तर वार आणि लीप वर्षे दोन्ही जुळतात. ती वापरायला हरकत नाही. मात्र तसे केल्याची नोंद यंत्राजवळ लिहून ठेवावी. नोंद नसेल, तर पुढच्या अभ्यासकासाठी आपण नवा घोटाळा निर्माण करतो. ताम्रपट वाचणारे अभ्यासक मूळ आकडा कधी खोडत नाहीत; आहे तसा वाचतात आणि शेजारी आपले गणित मांडतात. जुन्या संगणकालाही तोच मान द्यावा. नवा सेल बसवण्याआधी पडद्यावरची चुकीची तारीख, त्या क्षणाची खरी तारीख आणि दोहोंतला फरक कागदावर उतरवून घ्या, मगच दुरुस्ती करा.